शंभर दाणे

मेहकर तालुका,
मे अखेर

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

तत्त्वज्ञानाच्या पेपरासाठी अनुभववादावर लिहिलेलं तुझं टिपण वाचलं. मेहनत दिसते, पण पहिलं वाक्य खोडून टाक. ‘इंद्रियांना दिसतं तेच खरं, असं अनुभववादी मानतात’ असं तू लिहिलंस. लॉक आणि ह्यूम, या दोन अनुभववादी तत्त्वज्ञांपैकी कोणाचंही हे मत नाही. ज्ञानाचा कच्चा माल येतो कुठून, हा त्यांचा प्रश्न. तो अनुभवातून येतो, जन्मतः मनात काही लिहिलेलं नसतं, हे त्यांचं उत्तर. आलेल्या मालावर किती विसंबायचं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तिथे ते फार सावध आहेत.

लॉकच्या १६९० च्या ग्रंथातली कोऱ्या कागदाची उपमा तू घेतलीस, ती ठीक. पण त्याने अनुभवाचे झरे दोन सांगितलेत. एक संवेदन, म्हणजे रंग, वास, ऊन, गार. दुसरा अंतर्निरीक्षण, म्हणजे शंका घेणं, आठवणं, ठरवणं ही मनाची कामं मनानेच पाहणं. हा दुसरा तू सोडलास. गुण तिथेच कापले जातात.

त्याच ग्रंथातला पाण्याचा दाखला होस्टेलवर करून बघ. तीन घमेली घे. एकात सोसवेल इतकं गरम पाणी, दुसऱ्यात माठातलं गार, मधल्यात कोमट. एक हात गरमात, एक गारात, दोन मिनिटं तसेच ठेव. मग दोन्ही एकदम मधल्या घमेल्यात घाल. तेच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला ऊन. मध्ये हात पुसत बसलीस किंवा एकामागून एक घातलेस तर फरक विरून जातो. यावरून लॉक सांगतो, की ऊन-गार लागणं हा पाण्यात जसाच्या तसा बसलेला गुण नव्हे. आकार, संख्या, गती हे वस्तूचे प्राथमिक गुण. रंग, चव, ऊनपणा हे दुय्यम, वस्तू आणि आपलं शरीर यांच्या गाठीतून उपजणारे. ज्याने हे लिहिलं तो ‘दिसतं तेच खरं’ कसं म्हणेल?

आता ह्यूम. त्याच्यावर तू चारच ओळी लिहिल्यास, तिथे दोन पानं हवीत. १७४८ च्या ग्रंथात तो विचारतो: आजवर खाल्लेल्या भाकरीने पोट भरलं, म्हणून उद्याची भाकर पोट भरेलच हे कशावरून? (त्याच्याकडे पाव आहे, तू भाकर लिही.) बुद्धीने सिद्ध होत नाही, कारण भाकरीने पोट भरलं नाही अशी कल्पना करता येते, त्यात विसंगती नाही. अनुभवाने सिद्ध करायला जावं तर ‘पुढचं मागच्यासारखंच असेल’ हे आधीच गृहीत धरावं लागतं, आणि तेच तर सिद्ध करायचं होतं. म्हणून तो म्हणतो, आपण तर्काने नव्हे, सवयीने पुढे जातो.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. ती कधी चालते ते बघ. एकाच भांड्यात, सारख्या आचेवर, नीट हललेला भात असेल तर एक शीत पुरतं. तळ लागला आणि वर कच्चं राहिलं तर वरचं शीत काहीच सांगत नाही.

सोयाबीनच्या बिजवाईचंही तेच. उगवण बघायला शंभर दाणे घेतो, पण ते पोत्याच्या तोंडावरचे नव्हेत. वरून, मधून, बुडातून काढून आधी मिसळायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज नुसता शिपका. सहा-सात दिवसांनी नीट मूळ-कोंब आलेले तेवढेच मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर एकरी ३० किलो. साठ आले तर उगवणारे दाणे तेवढेच पडावेत म्हणून ३० ला ७० ने गुणून ६० ने भागायचं, म्हणजे ३५ किलो. पाणी जास्त झालं की दाणे सडतात, आणि मग तू बियाण्याची नव्हे, पाण्याची परीक्षा घेतलेली असते. आकडा मात्र बियाण्याच्या नावावर लागतो. म्हणून एका शंभरावर थांबायचं नाही, तीन-चार गुंडाळ्या करायच्या.

यात ह्यूमचा पेच जसाच्या तसा आहे. मोजलेले शंभर दाणे पेरायचे नसतात, आणि जे पेरायचे त्यातल्या एकाचीही परीक्षा झालेली नसते. मोजलेल्यांवरून न मोजलेल्यांकडे जी उडी घेतो, तिला ह्यूम सवय म्हणतो. उडी टळत नाही. मिसळून घेतलेला नमुना तिला आधार देतो, पण हमी देत नाही. तुझ्या उत्तराचा कणा हा ठेव.

आपल्या नैयायिकांनीही, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनीही, हे बारकाईने पाहिलं होतं, ते अवश्य घाल. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे कायमची सोबत, खरी. उलट केली, अग्नी तिथे धूर, की फसते. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद गोळा तापलेला असतो, धूर नसतो. चुलीत वाळलेल्या पऱ्हाट्या घातल्या की भडभड जळतात, ओल्या घातल्या की घर धुराने भरतं. धूर अग्नीचा खरा, पण ओल्या सरपणाच्या अटीवर. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. गोणपाटातलं जास्तीचं पाणी ही तशीच उपाधी. चार्वाकांनी तर अनुमानावरच बोट ठेवलं: सगळ्या उपाधी तपासल्या हे कोण, कसं सांगणार?

लॉकचा मित्र मॉलिन्यू याचा प्रश्न एका परिच्छेदात आटप. जन्मांध माणूस स्पर्शाने गोल आणि चौकोनी ओळखतो, दृष्टी आली तर नुसतं बघून ओळखेल का? लॉक नाही म्हणाला. २०११ साली भारतातल्या ८ ते १७ वयाच्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेने दृष्टी आल्यावर लगेच त्यांना स्पर्शाची वस्तू डोळ्यांनी ओळखता आली नाही, थोड्याच दिवसांत येऊ लागली. दुसरा भाग विसरू नकोस, तोच जास्त मोलाचा आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांटला शेवटी तीन ओळी पुरेत, त्याचा पेपर वेगळा आहे.

इकडे मंगळवारी गोणपाटं उघडायची आहेत. चारही गुंडाळ्यांचे आकडे फोनवर सांगीन.

तुझी
आई