बाईंडिंगला गेलेल्या पुस्तकाबद्दल, काकू, तुमचे आभार

काकूंना सा. न.

माझं चित्रकथेचं पुस्तक छापून आलं. पत्र तुमच्या घरी पाठवता आलं असतं, पण तुम्ही ते वाचून पिशवीत टाकाल आणि कुणाला दाखवणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून हे चारचौघांत.

माझं पहिलं प्रकरण वाचनालयात तुमच्या टेबलावर ठेवलं होतं तो दिवस आठवतो? फेब्रुवारी 2022. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने 'माउस' ही ग्राफिक नॉव्हेल आठवीच्या अभ्यासक्रमातून काढल्याची बातमी ताजी होती. 10 जानेवारीला मतदान झालं, 10 विरुद्ध 0. कारण काय, तर आठ शिव्या आणि एक उघडं चित्र. ज्यूंच्या छळाची हकिगत सांगणाऱ्या, पुलित्झर मिळालेल्या पुस्तकात त्यांना खटकलं ते हे! माझं डोकं तापलं होतं. माझ्याही गोष्टीत छोटं गाव, नववीतली मुलगी आणि मोठ्यांना नको असलेलं पुस्तक होतं. मी सरळ चौकात पुस्तकाची होळी काढली. मोर्चा, घोषणा, धूर, सलग अकरा पानं काळीकुट्ट शाई. 2004 साली एका पुस्तकावरून पुण्यातल्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला ते लहानपणी टीव्हीवर पाहिलेलं. बंदी म्हटलं की तोच गोंगाट डोळ्यांसमोर यायचा.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, पानं उलटलीत आणि म्हणालात, "चित्रं झकास आहेत. पण आपल्या गावात पुस्तक कुणी जाळलंय का गं कधी? आपल्याकडे पुस्तक बाईंडिंगला जातं."

माझी अकरा पानं तिथेच संपली.

नववीत मी तुमच्या वाचनालयातून नेलेलं पुस्तक खरंच बाईंडिंगला गेलं होतं. लैंगिक शिक्षणावर उघडपणे लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांचे निवडक लेख. पाळीबद्दल आमच्या घरात 'कावळा शिवला' याच्यापुढे कुणी जात नव्हतं, आणि मला सरळ भाषेत लिहिलेलं काहीतरी हवं होतं. पहिल्या आठवड्यात निम्मं वाचून झालं. मग ते दप्तरातून गायब झालं. उशीर झाल्याचा दंड भरावा लागेल या भीतीने मी तुमच्याकडे आले, तर तुम्ही म्हणालात, "जमा झालंय. बाईंडिंगला दिलंय." पुढची दोन वर्षं मी अधूनमधून विचारत राहिले. दर वेळी तुम्ही तेच उत्तर दिलंत, पण माझ्याकडे न बघता. तेव्हा मला राग यायचा, हेही आज सांगून टाकते.

त्या फेब्रुवारीत तुम्ही स्टुलावर चढून वरच्या फळीवरची दाखलनोंदवही काढलीत. लाल कापडी पाठ, कोपरे झिजलेले, आत डांबरगोळीचा वास. दाखल अंक, लेखक, शीर्षक, किंमत आणि सगळ्यात शेवटी शेरा. इतर ओळींत 'जीर्ण', 'गहाळ', 'वाळवी'. कर्व्यांच्या ओळीत तुमचं बारीक, उभं अक्षर: 'समितीच्या तोंडी सूचनेवरून कपाटातून काढले. प्रत सुस्थितीत.' खाली सही, तारीख.

तुम्हाला 'जीर्ण' लिहायला सांगितलं होतं. म्हणजे निर्लेखनाच्या, रद्द करायच्या पुस्तकांच्या, यादीत ते गुपचूप गेलं असतं आणि तपासणीला येणाऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नसतं. तुम्ही म्हणालात, "चांगल्या पुस्तकाला मी जीर्ण कशी म्हणू? त्याचं पान तरी दुमडलं होतं का?" अनुदानाचा हप्ता आला तर पगार, नाही तर पुढच्या हप्त्याची वाट, अशी तुमची नोकरी. ती समितीच्या मर्जीवर. आणि तुम्ही शाईने लिहिलंत.

मॅकमिनमध्ये निदान हात वर झाले, बैठकीचं इतिवृत्त राहिलं, जगाने ते वाचून नावं ठेवली. शेजारच्या नॉक्सव्हिल शहरातलं कॉमिक्सचं दुकान विद्यार्थ्यांना 'माउस' फुकट वाटायला लागलं. आपल्याकडे हात वर होत नाहीत. 'तूर्त मागे ठेवा' म्हणतात आणि चहा येतो. तुमचा तो एक शेरा नसता तर माझ्या गोष्टीला पुरावाच नव्हता, माझं मलाच वाटलं असतं की मी काहीतरी रचते आहे.

त्यानंतरचे चार शनिवार तुम्ही मला दिलेत, ते वेगळेच. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर 1910 साली सरकारने बंदी घातली, हे शाळेत पाठ केलं होतं. पण गोऱ्या साहेबाच्या जागी आपलीच माणसं बसली की खटले कसे चालतात, ते तुम्ही सांगितलंत. 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा अश्लील ठरवायला निघालेलं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1969 साली लेखक सुटले. त्याआधी, साहेबाच्याच राज्यात, कर्व्यांच्या बाजूने 1934 मध्ये खुद्द डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले आणि तरी खटला हरले. कर्वे काही थांबले नाहीत. 1927 साली सुरू केलेलं 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी 1953 पर्यंत, जाईपर्यंत चालवलं. हे सांगताना तुम्ही परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होतात. तो ठप्प, ठप्प आवाज मी पुस्तकात जागोजागी अक्षरांत काढला आहे. होळीच्या जागी आता फक्त एक फळी आहे, तिच्यात एका पुस्तकाएवढी फट, आणि शेजारची पुस्तकं पानागणिक तिरकी होत जाणारी.

आणि एक. नोंदवहीच्या त्या पानात घडी घातलेला तक्रार अर्ज होता. तुम्ही तो पटकन तळहाताखाली घेतलात, पण 'ळ'ची लांब शेपटी मला दिसली होती. किराणा सामानाच्या याद्यांवर ती मी लहानपणापासून पाहत आले आहे. अकरा वर्षं तुम्हाला माहीत होतं की तक्रार आमच्याच घरातून गेली, आणि तुम्ही मला कधी कळू दिलं नाहीत. बाबांशी तुम्ही बाजारात नेहमीसारखं बोलत राहिलात. मला ते जमलं नसतं. पुस्तकातल्या वडिलांना मी आधी नुसता खलनायक केला होता. तुमचा तो तळहात पाहिल्यावर त्यांची पानं पुन्हा काढली.

बाबांनी पुस्तक मागच्या रविवारी वाचलं. दुपारभर बोलले नाहीत. संध्याकाळी तो अर्ज लिहितानाचं पान उघडून म्हणाले, "माझा चष्मा असा नव्हता. काळी फ्रेम होती." पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन म्हटलं.

वाचनालयासाठी एक प्रत द्यायची आहे. मी कुरिअर करणार होते, पण बाबा म्हणाले, ते स्वतः घेऊन जातील. शनिवारी पाचच्या सुमारास येतील. पाच मिनिटं इकडे तिकडे झाली तर कुलूप घालू नका.

तुमची,
नववीतली, दंडाला घाबरणारी