धारावीतल्या आमच्या आरोग्यसेविका ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. गल्लीतल्या बायकांना ते तसंही कळेल. आभार मात्र चारचौघांत मानायचेत, कारण तुम्ही जे केलंत त्याला तुमच्या रजिस्टरमध्ये रकानाच नाही.

मला सातवा महिना चालू असताना तुम्ही पहिल्यांदा घरी आलात. बाळ झाल्यावर तासाभरात पाजा, सहा महिने फक्त अंगावरचं, वरचं पाणीसुद्धा नको, हे मला पाठ होतं. पण माझ्या पाठांतराला घरात विचारतो कोण? तुम्ही ते ओळखलंत आणि सासूबाईंपाशी बसलात. पहिला चीक पिळून टाकायचा, बाळाला मध चाटवायचा, तिसऱ्या दिवशी छातीशी धरायचं, असं त्यांचं ठरलेलं. तुम्ही वाद घातला नाहीत. एवढंच विचारलंत, "गावाला म्हैस व्याली की खरवस टाकून देता का हो?"

"टाकतोय कशाला? घरोघर वाटतो."

"मग नातवाच्या वाटणीचा का टाकायचा?"

सासूबाई हसल्या आणि विषय तिथेच मिटला. सायनच्या रुग्णालयात बाळाला पहिल्यांदा माझ्या छातीशी धरलं ते त्यांनीच. तिथली दूधपेढी 1989 पासून चालू आहे, आशियातली पहिली, हे तुम्हीच सांगितलंत. एका बाईचं दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या लेकराला देतात, हे सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

खरी परीक्षा पुढेच होती. तिसऱ्या महिन्यात बाळ रडायला लागलं आणि सगळ्यांनी निकाल दिला: हिला दूध पुरत नाही. हळिवाची खीर झाली, शेपू झाला, दृष्ट काढून झाली, शेवटी ह्यांनी पावडरचा डबा आणला. खोलीकडे कुणी बघितलंच नाही. दहा बाय दहात सहा माणसं, त्यात सासरे नि दीर. पाजायचं म्हणजे भिंतीकडे तोंड, डोक्यावरून पदर आणि सगळी घाई. बाळ नुसती बोंडी चोखायचं, पोट भरायचं नाही. तुम्ही एक अख्खं पाजणं शेजारी बसून बघितलंत, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा हे हात धरून दाखवलंत. मग दिराला उठवून मोरीशेजारी दोरी बांधून घेतलीत आणि जुन्या साडीचा पडदा टाकलात. बाई, तो पडदा खिरीपेक्षा लागू पडला!

डब्यावरून तुम्ही ह्यांना रागावला नाहीत, त्यांच्याकडूनच तो वाचून घेतलात. आईचं दूधच सर्वात चांगलं, असं कंपनीलाच छापावं लागतं आणि बाळाचं चित्र छापायला बंदी आहे. 1992 चा कायदा आहे म्हणे. वर तुम्ही विचारलंत, डबा किती दिवस जाईल आणि संपत आला की त्यात पाणी किती वाढवाल? ह्यांनी उत्तर दिलं नाही, पण दुसरा डबा आला नाही.

माटुंग्याची धुणीभांडी परत धरली तेव्हा तर मीच हात टेकले होते. 26 आठवड्यांची पगारी रजा नोकरीवाल्या बायकांना; आमचा खाडा झाला की पैसे कापले जातात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाची पोस्टर लागतात, त्यातली आई निवांत खुर्चीत बसलेली असते. तिला कामावर जायचं नसावं. तुम्ही हाताने दूध काढायला शिकवलंत. उकळलेली स्टीलची वाटी, वर झाकण, चार तासांच्या आत पाजायचं, तेही वाटी-चमच्याने. बाटली आमच्या पाण्यात नीट धुतली जात नाही. ते पाजायचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं. नातवाला भरवताना त्यांचा रुबाब बघायला हवा होता तुम्ही.

सगळं असं सुटत नाही, हे कळतं. पलीकडच्या खोलीतल्या बाईला सवा महिना व्हायच्या आत जरीच्या कामाला बसावं लागलं. तिथे पडदा काय करणार?

आता एक काम आहे. वरच्या माळ्यावरची सून आठव्या महिन्यात आहे. आमच्या सासूबाईंनी तिच्या सासूला खरवसाचं सांगून बघितलं. चीक पटला, मध सोडायला ती तयार नाही. एकदा येऊन जा. दुपारी दोननंतर या, तेव्हा ती सासू घरी असते.

तुमची,
कुंभारवाड्यामागच्या गल्लीतली