किनाऱ्यावरच्या माणसालाही विचारा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन सिंदूर झाल्यापासून एस-४००, ब्रह्मोस, ड्रोन यांच्याबद्दल पेपरात वाचतो, अभिमान वाटतो, पण मी श्रीवर्धन तालुक्यातला आहे आणि आमच्याकडे देशाच्या सुरक्षेचा विषय निघाला की आधी आमच्याच किनाऱ्यावरची शेखाडी आठवते. १९९३ च्या फेब्रुवारीत तिथे आरडीएक्स उतरलं, कस्टम आणि पोलिसातली काही माणसं फितूर झाली होती हे कोर्टात सिद्ध झालंय, आणि १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ जीव गेले.

२००८ ला २६/११ च्या हल्ल्यासाठी कुबेर नावाचा मच्छीमार ट्रॉलर पळवून दहा अतिरेकी आले, मुंबईजवळ रबरी बोटीत बसले आणि बधवार पार्कला उतरले, तिथे त्यांना पहिलं हटकलं ते कोळी लोकांनी! मग ऑगस्ट २०२२ ला आमच्याच तालुक्यात हरिहरेश्वरला बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७. घातपात नव्हता, जूनमध्ये ओमानजवळ सोडून दिलेली बोट वाहत आली होती, पण किनाऱ्याला लागेपर्यंत तिला कोणी अडवलं नाही ना? फेब्रुवारी २०२४ ला कुवेतहून पळालेले तीन मच्छीमार बोटीने थेट गेटवेजवळ आले. ते बिचारे गरीब होते म्हणून बरं.

वीस मीटरच्या वरच्या बोटींना एआयएस, म्हणजे बोट कोणती आणि कुठे आहे ते आपोआप कळवणारं यंत्र, सक्तीचं आहे पण आमच्या कितीतरी होड्या त्याहून लहान. आता लहान होड्यांसाठी उपग्रहावरून ठावठिकाणा कळवणारे इस्रोचे ट्रान्सपॉन्डर येतायत, फार चांगलं काम आहे, फक्त ते खाऱ्या हवेत बंद पडले तर दुरुस्त करणारा माणूस जेटीवरच पाहिजे, त्यासाठी तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाने, धंदा सोडून जिल्ह्याला खेटे घालायचे का. किनाऱ्यावर नजर ठेवायला पोलिसांना मदत करणारी सागर रक्षक दलातली पोरं गावासाठी रात्री जागतात, त्यांना निदान चांगली बॅटरी, रेनकोट आणि चालणारा वायरलेस द्या.

आणि मुख्य म्हणजे कळवणाऱ्याला त्रास नको. मागच्या सीझनला आमच्या एका तांडेलाने अनोळखी बोट दिसली म्हणून कळवलं तर त्यालाच अर्धा दिवस बसवून कागद तपासले, बर्फ वितळला, मासळी नरमली, डिझेलचे पैसे अंगावर आले. त्या दिवसाची भरपाई सरकारने द्यावी आणि संध्याकाळी त्याला एक फोन करून सांगावं की ती बोट कोणाची होती. त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आपला,
एक वाचक, श्रीवर्धन तालुका, जि. रायगड