श्रद्धेतला आनंद आणि डोळ्यांतलं पाणी

महोदय,

खरी श्रद्धा असेल तर माणूस दुःखी होतच नाही, असं हल्ली सर्रास ऐकायला मिळतं. कर्करोगाच्या वॉर्डात रात्रपाळी करणारी मी ख्रिस्ती परिचारिका आहे. हे ऐकून मला फार वाईट वाटतं.

'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे संत पौलाने लिहिलं ते बंदिवासातून, फिलिप्पैकरांस (फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांस) पाठवलेल्या, बायबलमधल्या पत्रात. त्याच पत्रात एपफ्रदीत हा सहकारी मरता मरता वाचला नसता, तर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं, असंही तो मोकळेपणाने सांगतो. आपला मित्र लाजर मरण पावल्यावर, त्याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला. मग आपलं रडणं अविश्वासाचं लक्षण कसं?

वॉर्डातल्या एका आजींना बोलवत नव्हतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाईन. मी बायबलमधलं 23वं स्तोत्र हळू आवाजात वाचू लागले की त्यांचं बोट चादरीवर ठेका धरायचं. वेदना होत्याच, मॉर्फिनही चालू होतं (आणि ते हवंच, श्रद्धा औषधाला पर्याय नाही). पण देवाने आपल्याला टाकलेलं नाही, ही खात्री त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायची. मला हाच आनंद टिकाऊ वाटतो, कारण तो रिपोर्टवर अवलंबून नसतो.

'शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा' असं रोमकरांस पत्रात म्हटलं आहे. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना म्हणूनच कळकळीची विनंती, की आजाऱ्याला 'आनंदी राहा' असं सांगण्याआधी त्याच्या खाटेजवळ थोडा वेळ बसा, त्याचं ऐकून घ्या.

– एक परिचारिका