बाळूला, आखाजी झाल्यावर

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "आई मी मॅनेज करतोय, तू उगाच पॅनिक होऊ नको" म्हणालास आणि ठेवून दिलास, म्हणून आता लिहितेय, लिहिलेलं मध्येच कट करता येत नाही. ताईने फोनमध्ये मराठी टायपिंग चालू करून दिलंय, कुठे काना मात्रा चुकला तर समजून घे.

कपडे मशीनला टाकायच्या आधी खिसे बघायची माझी सवय तुला माहितीये. नेहमी तिकिटं निघतात, सुट्टे निघतात, या वेळी गोळ्यांची पट्टी निघाली, अर्धी संपलेली. नाव वाचायची गरज नव्हती. मेटफॉर्मिनची, साखरेच्या आजाराच्या गोळीची, पट्टी मी अंधारात हाताने ओळखेन, आप्पांच्या त्या निळ्या डब्यात इतकी वर्षं मीच भरत होते ना. तोवर तुझी महाराष्ट्र एक्सप्रेस मनमाडच्या पुढे गेलेली, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तर हा आता रात्रीची गोळी काय घेणार. मग खाली बसले जरा.

आणि मग आखाजीचं ताट डोळ्यासमोर आलं. खापरावरच्या पोळ्या, रस, सांजोऱ्या, त्यावर तूप, मी वाढत गेले आणि तू गप खात गेलास. एकदा तरी म्हणायचं की आई बास. काकू म्हणाली सुद्धा, पुण्यात उपाशी राहतो वाटतं पोरगा. आप्पांच्या नावाने घागर भरली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आंबे ठेवले, तू नमस्कार केलास, आणि तुझ्या खिशात ती पट्टी होती. पोळ्या खाल्ल्यास त्याचं काही नाही रे, सणाचा दिवस होता, पण लपवलंस ते फार लागलं मला.

सूनबाईला काही बोलू नकोस. तिला मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं, एचबीए१सी ८.१. मला आकडे कळतात, आठवी पास असले तरी या विषयात माझी पदवी झालीये. तीन महिन्यांची सरासरी असते ती, साडेसहा आणि त्याच्या वर म्हणजे साखर आहेच. माझं स्वतःचं मागच्या वेळी ६.१ आलं, म्हणजे काठावर, म्हणून तर मी सकाळी रेल्वे ग्राउंडला चकरा मारते, तुला वाटतं मी गप्पा मारायला जाते. २०२३ ला पेपरात आलं होतं आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन संस्थेचा मोठा सर्व्हे झाला त्यात आपल्या देशात १० कोटींच्या वर लोकांना साखर निघाली, म्हणजे तू काही जगावेगळा नाहीस, लाजायचं काय त्यात. साखरेवर मी जास्त लिहिणार नाहीये. एवढंच विचारते, रोज पाय बघतोस का?

विषय बदलते.

छकुलीचा फोटो बघितला, खिचडी तोंडभर फासलेली. अगदी तू. तुझ्या उष्टावणाला मामाने चांदीची वाटी आणली होती, खीर केली होती, आजी, आत्या, शेजारच्या सगळ्या जमलेल्या, आणि तू पहिला चमचा मामाच्या शर्टावर थुंकलास. आप्पा नाइट करून आले होते, कोपऱ्यात बसून रात्रीची खिचडी खात होते, तू रांगत त्यांच्या ताटाजवळ गेलास आणि मूठ भरून तोंडात घातलीस. तुरीची डाळ, वर कच्चं तेल. आजी म्हणाली झालं याचं उष्टावण, खान्देशी निघाला. आप्पा तीन पिढ्यांना ती गोष्ट सांगत होते, दर वेळी मूठ मोठी व्हायची.

खिचडी तुझ्या अंगात मुरलेली आहे हे मला मान्य, आमच्याकडे रात्री दुसरं काही झालेलं आठवतच नाही. पण आता खिचडीच्या आधी वाटीभर भाजी खात जा, काकडी खा, डाळ जास्त आणि तांदूळ कमी टाकायला सांग, नाहीतर सांगायचं कशाला, तूच टाक, तुला कुकर लावता येतो. आणि दादर ज्वारीची भाकरी चांगली म्हणून चार खाऊ नकोस. आप्पांना आहाराच्या बाईंनी हेच समजावलं होतं, ज्वारी म्हणजे औषध नाही, तिची पण साखरच होते, फक्त हळू. आप्पा ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन म्हणायचे बाईंनी भाकरी खायला सांगितलीये. डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा, लघवीची पण, किडनीचं त्यात आधी कळतं, आणि गोळी जेवणासोबत, उपाशीपोटी नाही, आणि ऑफिसात तो चहा दिवसातून कितीदा होतो तो बिनसाखरेचा कर, आणि रात्री ११ ला मोबाईलवरून मागवून जेवायचं बंद.

झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. तू आता वर सरकवून खाली काय लिहिलंय ते बघत असशील.

दहावीला तुला ८७ टक्के पडले तेव्हा आप्पांनी कामावर अख्ख्या शेडमध्ये पेढे वाटले, स्वतःही खाल्ले किती ते विचारू नकोस, तेव्हा त्यांना साखर निघून वर्षच झालं होतं. मी ओरडले तर म्हणाले आज माझी साखर पोराच्या मार्कांमुळे वाढलीये. मला हसू आलं आणि मग काय बोलणार. इंजिनिअरिंगला पुण्याला गेलास, मेसची पोळी चामड्यासारखी लागते म्हणून फोन करायचास, आणि आप्पा दुसऱ्याच दिवशी कोण पुण्याला जाणारंय ते शोधायचे, कळण्याचं पीठ, ठेचा, बिबडे, एकदा तर वांगी दिली, तीही बामणोदची. तुला राग आला होता, पोरं हसतात म्हणालास. मग तीच पोरं डिसेंबरात आपल्याकडे आली आणि मामाच्या शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली तेव्हा तो सोलापूरचा मुलगा, जो म्हणत होता भरीत काय सगळीकडे सारखंच, त्याने शेवटी पातेलं पुसून खाल्लं. आपल्या भरीताच्या वांग्याला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ना, केळीलाही त्याच साली मिळालं, ते कात्रण आप्पांनी जपून ठेवलेलं, परवा कपाट आवरताना सापडलं, तुझ्या पहिल्या पगाराच्या हॉटेलच्या बिलासोबत.

ते बिल! पापड ४० रुपये. आप्पा महिनाभर तेच बोलत होते, ४० रुपयांत आपल्याकडे बिबड्यांची चळत येते. पण तू पाकीट काढलंस तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत बसले होते, मला माहितीये का ते. तुला वाटलं त्यांना जेवण आवडलं नाही.

२०१६ म्हटलं की मला कात्रण आठवत नाही खरं तर, पाय आठवतो. लिहिणार नव्हते. पण आता आलंच आहे तर वाच.

पावसाळा होता. शेडचे ते जड बूट, आत ओल, बोटाला काहीतरी घासलं असणार. त्यांना दुखलंच नाही, तीच तर गंमत आहे या रोगाची, पायाची जाणीव जाते, खिळा टोचला तरी कळत नाही. मग फोड आला, मग फुटला, ते त्यांनी बघितलं आणि कुणाला सांगितलं नाही. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतला नाही तो रोज रात्री मोजे धुवायला लागला. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं, आमचे हे सुधारले. वास आला तेव्हा कळलं, तोवर बोट काळं पडलं होतं. ते बोट गेलं. मग चालणं कमी झालं, वजन वाढलं, मग किडनी, पुढचं तुला माहितीये. तुला उशिरा सांगितलं त्याबद्दल तू तेव्हा माझ्याशी भांडलास, आप्पांनी शपथ घातली होती, नवीन नोकरी आहे पोराची म्हणाले, ते भांडण झालेलं आहे, परत नको. पण बाळू, तू तेव्हा मला काय म्हणाला होतास आठवतं? या घरात कुणी काही लपवायचं नाही. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून म्हणाला होतास, मोठ्याने, लोक बघत होते. आणि मला आतून बरं वाटलं होतं की पोरगा मोठा झाला.

लोक आता म्हणतील आईने गोड खाऊ घालून घालून केलं. काकू म्हणेलच. मी तसं अजिबात मानत नाही. आजोबांना होती, आप्पांना होती, त्यात तुझं ते बारा तास खुर्चीवर बसणं. माझ्या पुरणपोळीवर ढकलू नका.

आप्पांच्या तेराव्याला काय करायचं यावर केवढा वाद झाला होता. तू म्हणालास वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, त्यांना आवडायची तीच. भावकीतले म्हणाले हे लग्नाचं जेवण आहे. तू ऐकलं नाहीस. पंगतीत स्वतः वरण वाढत फिरलास, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले, आणि प्रत्येकाला आग्रह करत होतास, अजून एक बट्टी घ्या, आप्पांच्या नावाने. मी मागच्या खोलीतून बघत होते. कुणाजवळ बोलले नाही कधी, पण तेव्हा वाटलं की मला आता कशाची काळजी नाही.

आणि तुझं लग्न. ६०० लोकांची यादी आप्पा असतानाच करून ठेवली होती, आणि लॉकडाऊनमध्ये परवानगी ५० ची. आचारी नाही, मांडव नाही, ताई आणि मी अंगणात बट्ट्या तळल्या, सूनबाईचे वडील तिकडे कांदा चिरत होते, बिचारे इस्त्रीच्या कपड्यात. लोक नावं ठेवतात त्या लग्नाला, मला तर ती पंगत सगळ्यात आवडली. सगळ्यांना गरम मिळालं.

तर छकुलीचा पहिला वाढदिवस श्रावणात येतोय. सूनबाई म्हणाली केक, मी म्हटलं केक आणा, पण जेवण बट्टीचं. तुला दोन. आधी भाजी, मग वरण, मग बट्टी, आणि तूप मी वाढेन, तू वाटी उचलायची नाही. केकचा तुकडा चाखायला. मी चिडून म्हणत नाहीये, माझ्याही ताटात तेच असणार, ६.१ वाली आहे मी.

तू चांगला मुलगा आहेस. बॉसला प्रमोशन मिळालं नाही पण तुला मिळालं हे मी ग्राउंडवर सगळ्यांना सांगितलंय, तुला आवडणार नाही, पण सांगितलं. तेवढ्याच अभिमानाने मला सांगायचंय की माझ्या पोराची साखर सहावर आली. घाई नाही. डॉक्टर म्हणतात लवकर कळलं तर खूप काही हातात असतं, गोळी कमीही होऊ शकते, आप्पांचं उशिरा कळलं होतं, तुझं लवकर कळलंय, हा फरक मी रात्री झोप येत नाही तेव्हा स्वतःला सांगते. मग परत वाटतं, याने दोन महिने लपवलं, अजून काय लपवलंय.

झोपायच्या आधी पाय धुवायचे, पुसायचे, बोटांच्या मधे कोरडं करायचं, तळवा दिसत नसेल तर आरसा खाली धरायचा. सूनबाईला बघायला सांग, लाज कसली. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल जायचं नाही. अनवाणी फिरायचं नाही, गच्चीवर पण नाही. मी पुन्हा सुरू झाले, माहितीये.

शेजारच्या काकांचा मुलगा रविवारी पुण्याला निघतोय, त्याच्याकडे दादरचं पीठ, थोडं कळण्याचं, बिबडे आणि शेंगदाण्याची चटणी देतेय. पिठाला किडा लागतो, फ्रीजमध्ये ठेवा. लाडू नाही दिले. करायला घेतले होते, मग डिंक परत डब्यात ठेवला.

रिपोर्टचा फोटो पाठव, पूर्ण पान, कापून नाही. आणि पायांचा पण पाठव, दोन्ही, खालून. हसू नकोस, पाठव.

तुझी
आई

ता.क. मागच्या वेळचे तीन स्टीलचे डबे त्याच मुलाजवळ परत दे, झाकणांसकट. मोठ्याचं झाकण सूनबाईच्या आईकडे गेलंय असं मला वाटतं, विचारून बघ.