विषय : गणिताच्या गेममधील चुका दुरुस्त करणे व पैसे परत मिळणेबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी मुलगी पाचवीत आहे. शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी जूनमध्ये मी तुमच्या गणिताच्या गेमची मराठी आवृत्ती वर्षभरासाठी 1,499 रुपयांना घेतली. पावती सोबत जोडली आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. पहिला टप्पा फार सुंदर आहे. 1 ते 30 मधली एक संख्या आपण घ्यायची, तिचे उरलेले सगळे विभाजक, म्हणजे तिला निःशेष भागणाऱ्या संख्या, कॉम्प्युटर घेतो. पहिल्या दिवशी लेकीने सर्वांत मोठी म्हणून 30 घेतली; कॉम्प्युटरला 1, 2, 3, 5, 6, 10, 15 मिळून 42 गुण गेले आणि ती रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी तिने 29 घेतली, त्याला फक्त 1 मिळाला. मूळ संख्या म्हणजे काय, हे तिला मी शिकवलंच नाही, तिचं तिलाच उमगलं. सुरुवातीलाच 28 घेतल्यावर समोरच्यालाही बरोबर 28 च मिळतात, हे ती घरभर सांगत फिरत होती.

म्हणूनच दुसऱ्या टप्प्याने जास्त घात केला. तिथे ‘24 चे विभाज्य निवडा’ असं विचारतात आणि 1, 2, 3, 4, 6, 8, 12 हे बरोबर धरतात. हे तर विभाजक! विभाज्य म्हणजे 24 ने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या, पण 48 किंवा 72 वर बोट ठेवलं की लाल फुली येते. पहिल्या टप्प्यात शब्द बरोबर, दुसऱ्यात उलटे. बालभारतीचं पाचवीचं पुस्तक भाषांतर करणाऱ्याने एकदा उघडलं असतं तरी हे टळलं असतं.

घटक चाचणीत ‘8 चे कोणतेही चार विभाज्य लिहा’ असा प्रश्न होता. लेकीने 1, 2, 4, 8 लिहिलं. बाईंनी चूक दिली, तर घरी येऊन म्हणते, ‘बाईंचंच चुकलंय, गेममध्ये असंच आहे.’ मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. खेळातून शिकलेलं मूल घट्ट धरून ठेवतं, चुकीचंही.

तिसऱ्या टप्प्यात 91 ला मूळ संख्येचा तारा मिळतो. माझ्या सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘अगं, तेरा साते एक्क्याण्णव.’ लेकीला पटेना. शेवटी जमिनीवर चिंचोके मांडले, तेरा-तेराच्या सात ओळी. एकही उरला नाही, तेव्हा कुठे तिने मान्य केलं.

दोन ईमेल केले. दोन्हींना एकच उत्तर : ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे.’ महोदय, हा अभिप्राय नाही, तक्रार आहे.

दुसऱ्या टप्प्यातले शब्द आणि 91 ची चूक पंधरा दिवसांत दुरुस्त करा. मराठी आवृत्ती घेतलेल्या प्रत्येक पालकाला ही चूक कळवा. आमच्या घरी चिंचोके निघाले, सगळीकडे निघतीलच असं नाही. माझे पैसे परत करा. या मुदतीत काही झालं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

पहिला टप्पा मात्र आहे तसाच ठेवा. लेक तो अजून रोज खेळते.

आपली,
एक पालक

सोबत : पावती, दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याचे स्क्रीनशॉट, चाचणीच्या उत्तरपत्रिकेचा फोटो