सिंथला बोलतं करायचं तर आकडेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगीत-तंत्रज्ञानावरचा मजकूर मराठी वृत्तपत्रांत आता बऱ्यापैकी येऊ लागला आहे, याचा आनंद वाटतो. पण सिंथमधून (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तरंगांतून आवाज घडवणारं वाद्य) माणसाच्या तोंडून आल्यासारखे तालबद्ध उच्चार कसे काढायचे, हा विषय निघाला की बहुतेक वेळा प्लगइनची (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची) नावं येतात आणि 'प्रीसेट निवडा, नॉब फिरवून पाहा' इथेच सल्ला आटोपतो. नवशिके तसं करतात, हाती नुसतं 'वॉव-वॉव' लागतं, आणि आपलं प्लगइन स्वस्तातलं म्हणून असं झालं अशी त्यांची समजूत होते. अडतं ते वेळेच्या मापांवर, आणि ती मापं कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

आधी मूळ आवाज. साइन वेव्ह या सर्वांत साध्या तरंगाला उपस्वरच (मूळ सुराच्या पटींतले वरचे सूर) नसतात, त्यामुळे तिच्यावर कुठलाही फिल्टर लावला तरी 'आ', 'ई'सारखा स्वर उमटत नाही. सॉटूथ, म्हणजे उपस्वरांनी भरलेला करवतीच्या दात्यांसारखा तरंग, घ्यावी आणि सूर 80 ते 200 हर्ट्झच्या दरम्यान ठेवावा. 110 हर्ट्झ उत्तम. याला कारण आहे. सूर 400 हर्ट्झवर नेला की उपस्वर 400, 800, 1200 असे दूरदूर पडतात. 'ई'चा पहिला फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीमुळे ठळक होणारा पट्टा, ज्यावरून स्वर ओळखू येतो) 270 हर्ट्झच्या आसपास असतो, पण तिथे उचलायला काही उरतच नाही. लोक वरच्या सप्तकात सूर धरतात आणि स्वर ओळखू येत नाही म्हणून फिल्टरला दोष देतात.

स्वरांसाठी तीन बँडपास (ठरावीक पट्टाच पुढे जाऊ देणारे) फिल्टर लागतात, आणि ते समांतर. एकामागोमाग जोडले तर पहिल्याने अडवलेलं दुसऱ्याला मिळतच नाही. पुरुषी आवाजासाठी साधारण जागा अशा: 'आ'साठी 730, 1090 आणि 2440 हर्ट्झ, 'ई'साठी 270, 2290 आणि 3010, 'ऊ'साठी 300, 870 आणि 2240. बाईच्या आवाजाचा भास हवा असेल तर हेच आकडे 15 ते 20 टक्के वर न्यावेत. प्रत्येक फिल्टरची रुंदी 80 ते 120 हर्ट्झ पुरते. त्याहून अरुंद केली तर फिल्टर स्वतःच शिटीसारखा वाजू लागतो. 'ई' बहुधा मंद येते, कारण सॉटूथचे उपस्वर वर जाताना क्षीण होत जातात. 110 हर्ट्झच्या सुराचा एकविसावा उपस्वर, म्हणजे 2310 हर्ट्झ, मूळ सुरापेक्षा सुमारे 26 डेसिबलनी खाली असतो. तेव्हा दुसऱ्या फॉर्मंटची पातळी वाढवावी, किंवा फिल्टरच्या आधी थोडं डिस्टॉर्शन (तरंग मुद्दाम विकृत करून नवे उपस्वर आणणं) द्यावं. आधीच द्यावं, नंतर दिलं तर फॉर्मंटमधल्या मोकळ्या जागा नव्या उपस्वरांनी भरून जातात आणि सगळे स्वर एकसारखे ऐकू येतात.

इथवर बहुतेक जण पोहोचतात. खरं काम पुढे आहे.

माणूस सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं बोलतो. 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) सोळांश मात्रा 125 मिलिसेकंदांची होते, म्हणजे सेकंदाला आठ. सिक्वेन्सरच्या (मात्रा घरांत मांडणाऱ्या साधनाच्या) सोळाही घरांत वेगवेगळा स्वर भरला की कानाला तो आवाज बोलण्यासारखा न वाटता यंत्राच्या घरघरीसारखा वाटतो. दोन-तीन घरं एक स्वर टिकवावा आणि मध्ये एखादं घर रिकामं सोडावं. ही शांतता फार मोलाची असते. 'प', 'त', 'क' उच्चारताना तोंड आधी बंद होतं आणि 50 ते 100 मिलिसेकंद जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्या विरामामुळेच पुढचा स्फोट व्यंजन म्हणून ऐकू येतो. गेटने (आवाज उघडबंद करणाऱ्या साधनाने) हा विराम हुबेहूब साधता येतो. मात्र गेटचा अटॅक (उघडायला लागणारा वेळ) शून्यावर ठेवला तर दरवेळी टक्-टक् ऐकू येईल. तीन ते पाच मिलिसेकंद ठेवावा. 'स' हवा असेल तर 4000 हर्ट्झच्या वरचा व्हाइट नॉइज (सगळ्या कंपनसंख्यांचा खरखराट) 80 ते 100 मिलिसेकंद वेगळ्या ट्रॅकवर द्यावा. तो फॉर्मंट फिल्टरमधून नेऊ नये.

आता सर्वांत जास्त फसगत कुठे होते ते सांगतो. फिल्टर 'ऊ'च्या जागेवरून 'आ'वर सरकवला तर काय ऐकू येईल, हे सरकण्याच्या वेळेवर ठरतं. सरक सुमारे 40 मिलिसेकंदांच्या आत झाली तर 'बा'. त्याहून सावकाश झाली तर 'वा'. आणि 100 मिलिसेकंदांच्या बरीच पुढे गेली तर 'ऊ-आ' असे दोन सुटे स्वर. फिल्टर तेच, आकडे तेच, फक्त काळ बदलला आणि अक्षर बदललं. 'ई'वरून 'आ'वर 80 मिलिसेकंदांत आलात तर स्वच्छ 'या' मिळतो. दुसरा फॉर्मंट 1800 हर्ट्झपासून झटकन खाली आणला तर 'दा'कडे झुकतो.

म्हणूनच ही सरक कधीही टेम्पोला (गाण्याच्या वेगाला) बांधू नये. अक्षर कुठल्या मात्रेवर पडायचं ते टेम्पो ठरवतो, पण सरकायला किती वेळ लागावा ते मिलिसेकंदांतच नेमावं. प्लगइनमध्ये सिंकचं (टेम्पोशी जुळवण्याचं) बटण समोर असतं म्हणून लोक दोन्ही बांधून टाकतात. 120 बीपीएमला चौसष्टांश मात्रा 31 मिलिसेकंदांची असते, तीच 70 बीपीएमला 54 होते. गाण्याचा वेग उतरवला आणि 'बा'चा 'वा' झाला, तर कारण हे. साधा साइन आकाराचा एलएफओ (फिल्टर वरखाली हलवणारा मंद तरंग) याच कारणाने कुचकामी ठरतो: तो सतत सरकत राहतो आणि कुठल्याच स्वरावर ठरत नाही. पायऱ्यांचा आकार घ्यावा आणि स्मूदिंग (पायऱ्यांमधली उडी गुळगुळीत करणारा वेळ) 20 ते 40 मिलिसेकंद द्यावं. एलएफओ प्रत्येक सुराला नव्याने सुरू होईल असं रीट्रिगर चालू ठेवावं, नाहीतर दर बाउन्सला (ट्रॅक फाइलमध्ये उतरवताना) वेगळाच उच्चार निघतो.

व्होकोडर वापरणाऱ्यांसाठीही मुद्दा हाच. बेल लॅब्जमध्ये होमर डडली यांनी 1930च्या दशकात ते तंत्र विकसित केलं, तेव्हापासून त्याचा गाभा बदललेला नाही: आवाजाचे बँड (कंपनसंख्येचे पट्टे) पाडायचे आणि प्रत्येक बँडमधला चढउतार दुसऱ्या आवाजावर चढवायचा. 1995 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात बोलण्याचा फक्त तीन-चार बँडांमधला चढउतार नॉइजवर चढवला होता, तरीही ऐकणाऱ्यांना बहुतेक बोलणं समजलं. चढउताराची लय शाबूत असली की कान बाकीचं भरून काढतो. तालबद्ध कामाला 16 ते 24 बँड भरपूर झाले. फार वाढवले तर बँड इतके अरुंद होतात की बोलणाऱ्याचा मूळ सूरही त्यातून डोकावू लागतो. रिलीज (आवाज विरायला लागणारा वेळ) 20 ते 30 मिलिसेकंद ठेवावा. 150 ठेवला तर 125च्या मात्रा एकमेकींत कालवल्या जातात. बोलण्याच्या ट्रॅकवर आधी कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारं साधन) लावावा, म्हणजे शब्दांची शेवटची अक्षरं गळत नाहीत. कॅरियरचा (ज्यावर बोलणं चढवतो त्या आवाजाचा) सूर शब्दाच्या मध्येच तुटणार नाही याचीही काळजी घ्यावी, कारण कॅरियर थांबला की शब्दही थांबतो.

काही व्होकोडर एका वेळी 1024 सॅम्पलच्या (ध्वनीच्या नोंदींच्या) खिडकीने काम करतात. सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या दराने ती 23 मिलिसेकंदांची होते. साइडचेनवरचा (व्होकोडरला बोलणं पुरवणाऱ्या मार्गावरचा) हा उशीर सॉफ्टवेअरने भरून काढला नाही, तर सगळं तालामागे लोळतं. बाउन्स करून ड्रमच्या ट्रॅकशेजारी ठेवावं आणि तरंग डोळ्यांनी जुळवून घ्यावेत.

आपल्याला विनंती अशी, की या विषयावर पुढचा लेख छापताना प्लगइनच्या नावाशेजारी बीपीएम, सरकण्याचे मिलिसेकंद, गेटचा अटॅक आणि सूर किती हर्ट्झचा, एवढं तरी द्यावं. आणि तयार झालेला तुकडा वाचकांनी दुसऱ्या कुणाला ऐकवावा, त्यात कोणते शब्द आहेत ते अगोदर न सांगता. एकदा सांगितलं की कुणालाही तेच ऐकू येतं, आणि मग त्या चाचणीचा काही उपयोग राहत नाही.

आपला,
ध्वनिमुद्रण क्षेत्रातील एक वाचक